पोट भरल्याचा पुरावा

अक्काची किडनी मला जुळते, हे डॉक्टर तांबोळींनी सांगितलं तेव्हा अक्का त्यांच्या टेबलासमोर बसून डब्यातला चिवडा खात होती. डॉक्टरांपुढेही तिनं मूठभर चिवडा कागदावर ठेवला होता. त्यांनी दोन घास खाऊन "बस, पुरे" म्हटलं, तर तिनं आणखी मूठभर वाढला. मिरजेतल्या एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी शेंगदाणे चावत चावत सांगितली.

मग त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला आणि 'पण' म्हणाले. अक्काचं वजन चौऱ्याण्णव किलो होतं. एवढ्या वजनाच्या बाईची किडनी काढणं तिच्या जिवाला धोक्याचं, आणि मागे राहिलेल्या एकाच किडनीवर पुढे भार पडणार तो वेगळाच. ऐंशीच्या खाली आल्याशिवाय ते सुरीला हात लावणार नव्हते. अक्का बाहेर पैसे भरायला गेली तेव्हा त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की माझं हृदय थकायला लागलंय, जे करायचं ते वर्षाच्या आत करायला हवं.

मी शिरीष आवटे, वय पंचावन्न. सांगलीच्या पाणीपुरवठ्यात अठ्ठावीस वर्षं काढली. कुठल्या टाकीत किती पाणी, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे सगळं माझ्याकडे होतं. अर्ध्या गावाला पाणी पाजलेल्या या माणसाला आता दिवसाला एक लिटर पाणी, तेही चहा, आमटी आणि ताक धरून. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास डायलिसिस. उन्हाळ्यात मी गल्लीतल्या नळाचा आवाज ऐकत बसायचो आणि माझी बायको उज्ज्वला खिडकी लावून घ्यायची. तिची किडनी जुळली नव्हती. उरली होती ती अक्का.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. भावजी गेल्यावर तिनं पुरणपोळ्यांचं केंद्र काढलं आणि आज तिच्या हाताखाली सहा बायका काम करतात. तिच्या पोळीबद्दल मी काय सांगावं? तिच्या आग्रहाबद्दल मात्र सांगायला हवं. तिच्याकडे जेवायला जायचं तर आमच्या घरी आदल्या दिवसापासून तयारी असायची, म्हणजे आम्ही अर्धपोटी राहायचो. पुरे म्हटलं की एक पोळी पडायची. ताटावर हात आडवा धरला तर ती बोटांच्या फटीतून तूप सोडायची. उज्ज्वलाचा एक भाऊ तिच्याकडून जेवून परत जाताना पुलावर गाडी थांबवून अर्धा तास नुसता उभा राहिला होता.

वजन उतरवायचं औषध होतं. आठवड्याला एक टोचणी, दंडात नाहीतर पोटावर. त्यामागचं शास्त्र साधं आहे. पोट रिकामं झालं की ते घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक सोडतं, ते मेंदूला सांगतं की खायला घाल. अन्न आतड्यात पोचलं की आतडी दुसरी संप्रेरकं सोडतात, ती सांगतात की झालं, आता थांब. पहिला निरोप म्हणजे भूक, दुसरा म्हणजे तृप्ती. ही दुसरी संप्रेरकं काही मिनिटांतच विरघळतात. औषधातला रेणू त्यांच्यासारखाच, पण आठवडाभर टिकणारा. त्यातलंही २०३८ साली आलेलं नवं औषध वर्षाच्या आत पंधरा-वीस किलो सहज उतरवायचं. पण अक्कानं वर्षभर पोळ्या विकल्या असत्या तरी त्यात दोनच महिन्यांचं औषध आलं असतं. तेव्हा विमा कंपनीनं खर्च उचलला तरच.

आणि कंपनीकडे पट्टी होती.

तिला सगळे भूकपट्टीच म्हणायचे. बोटभर लांबीची, कातडीच्या रंगाची, डाव्या बरगडीखाली चिकटवायची. तिला केसाहून बारीक सुया असतात, त्या कातडीखालच्या पाण्यातली संप्रेरकं मोजतात आणि पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूची हालचालही टिपतात. दर पाच मिनिटांनी एक नोंद. भूक म्हणजे ज्याची त्याला कळणारी गोष्ट, असं माणसानं हजारो वर्षं मानलं होतं. या पट्टीनं ती कागदावर आणली.

कंपन्यांना ते आवडलं यात नवल नाही. औषध ज्याच्या भुकेत खरा बिघाड आहे त्याला, जिभेचे चोचले पुरवणाऱ्याला नाही, असा नियम झाला. एकवीस दिवस पट्टी लावायची. त्यातले निदान पंधरा दिवस भुकेची लाल रेघ ठरावीक पातळीच्या वर गेली तर ती आजारी भूक. नाही गेली तर सवयीचं खाणं, दावा नामंजूर. निकाल यंत्र देणार. नाराजी असेल तर एकदाच अपील, माणसासमोर. सूचना एकच होती: नेहमीप्रमाणे खा.

मला वाटलं, अक्काला याहून सोपी परीक्षा कुठली असणार?

एकवीस दिवस ती मजेत होती. फोनवर विचारलं की "चाललंय की सगळं झकास" म्हणायची. मी डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या दिवस मोजत होतो. बाविसाव्या दिवशी पट्टी कंपनीकडे गेली आणि तेविसाव्या दिवशी निकाल आला. दावा नामंजूर. अर्जदार रोज तेवीस तास सहज उपाशी राहू शकतात, भुकेची पातळी सर्वसाधारणपेक्षा कमी आहे, औषधाची आवश्यकता दिसत नाही.

मी कागद घेऊन तसाच केंद्रावर गेलो. अक्का पुरण वाटत होती. मी विचारलं, हे काय? तिनं हात पुसले आणि कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "अरे, एकवीस दिवस म्हटल्यावर मला तो शकुनच वाटला. एकवीस मोदक, एकवीस दुर्वा. म्हटलं, गणपतीचाच आकडा आलाय तर एकवीस दिवस एकभुक्त राहावं. संध्याकाळी आरती झाली की एकदाच जेवायचं. आपला दावा मंजूर व्हावा म्हणून."

दावा मंजूर व्हावा म्हणून ती उपाशी राहिली होती, आणि नवस सांगायचा नसतो म्हणून तिनं मला सांगितलंही नव्हतं. भुकेला घड्याळ कळतं. जेवणाची वेळ बदलली की दोन-तीन दिवस पोट कुरकुर करतं आणि मग गप बसतं. त्यातून अक्का लहानपणापासून मंगळवार आणि संकष्टी करणारी, तिच्या पोटाची तर कुरकुर करायचीही ताकद गेलेली.

मी तिला नाही नाही ते बोललो. तुझ्या गणपतीनं माझा जीव घेतला, असंही बोललो. केंद्रातल्या बायका खाली मान घालून पोळ्या लाटत राहिल्या. अक्का रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "जेवून जातोस का?" मी तसाच निघालो. वाटेत मला माझीच लाज वाटत होती आणि रागही जात नव्हता.

पुढचे चार दिवस आम्ही बोललो नाही. एवढा अबोला आमच्यात लहानपणी चिंचेवरून भांडण झालं होतं तेव्हाही नव्हता. उज्ज्वला म्हणाली, निदान अपिलासाठी तो तक्ता तरी मागवा, घरात बसून राग धरून काय होणार? अर्जदाराला पट्टीची संपूर्ण नोंद मागायचा हक्क असतो. अक्कानं सही करून कागद उज्ज्वलाच्या हाती दिला आणि सोबत माझ्यासाठी बिनमिठाची भाकरी पाठवली. नोंद आली ती चौऱ्याऐंशी पानं. ती घेऊन मी डायलिसिसला गेलो. चार तास दुसरं करायचं तरी काय?

आलेख वाचायची मला सवय आहे. अठ्ठावीस वर्षं मी टाक्यांच्या पातळीचे आलेख वाचले, आणि पातळीच्या रेघेकडे बघून कुठला वॉचमन दुपारी झोपला होता ते सांगायचो. पहिल्या पानावर भुकेची लाल रेघ होती, शहाण्या मुलीसारखी खाली बसलेली. तिच्याखाली एक फिकट करडी रेघ होती. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: तृप्तीसंकेत, निकालासाठी विचारात घेतलेला नाही.

नर्सला विचारलं तर ती म्हणाली, ती रेघ कुणीच बघत नाही. लोक दिवसभर काही ना काही तोंडात टाकत असतात, चहा, बिस्कीट, शेव. त्यामुळे कुठल्या घासाची तृप्ती कुठली ते ओळखूच येत नाही, नुसता गिचमिड कारभार होतो. म्हणून कंपनीनं ती रेघ सोडूनच दिली.

पण अक्काच्या तक्त्यात गिचमिड नव्हती. रोज तेवीस तास पोटात काही नाही आणि संध्याकाळी साडेसातला एकच जेवण. मी साडेसातची जागा शोधली. निरोगी माणसाची करडी रेघ जेवणानंतर अर्ध्या तासात वर चढते आणि दोन-तीन तास तिथंच राहते. नमुना म्हणून तसं एक चित्र पहिल्याच पानावर छापलं होतं. अक्काची रेघ साडेसातला सपाट होती. आठला सपाट, नऊला सपाट. दुसऱ्या दिवशी तेच. अंगारकीला तिनं चंद्रोदयानंतर अकरा मोदक खाल्ले होते, तशी नोंद तिनं स्वतः प्रामाणिकपणे केली होती. अकरा मोदकांनंतरही रेघ जागची हलली नव्हती.

मला एकदम गच्चीवरची टाकी दिसली. टाकीत एक गोळा तरंगत असतो. पाणी वर आलं की तो वर उचलला जातो आणि नळ बंद करतो. तो गोळा अडकला की टाकी भरून वाहत राहते, आणि लोक मात्र मोटारीला नाहीतर आम्हाला शिव्या देतात. इथं सगळे अक्काचा नळ तपासत होते. नळ उत्तम होता. तिचा गोळाच वर येत नव्हता. कदाचित कधीच आला नसेल.

शेवटच्या पानावर वजनाची नोंद होती. एकवीस दिवस एकभुक्त राहून अक्काचं वजन नऊशे ग्रॅमनं वाढलं होतं. ते वाचून मी खुर्चीत असा हसलो की यंत्राचा भोंगा वाजला आणि नर्स धावत आली.

तिथून मी थेट केंद्रावर गेलो आणि अक्काची माफी मागितली. ती म्हणाली, आधी बस. मग तिनं टाकी, गोळा आणि करडी रेघ हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे उपास केला म्हणूनच ते दिसलं." मी म्हटलं, तसंच. तिनं आधी गणपतीच्या तसबिरीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

अपिलाची सुनावणी फोनवर, समोरासमोर चेहरा दिसेल अशी होती. अक्कानं फोन हळदीच्या डब्याला टेकवून उभा केला. पलीकडे पुण्याहून अरुंधती इनामदार नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, आवाजात घाई असलेल्या. त्यांच्यापुढे त्या दिवशीची एकोणीस अपिलं होती. त्यांनी आधी विचारलं, नेहमीप्रमाणे खा ही सूचना वाचली नव्हती का?

"वाचली की," अक्का म्हणाली. "अडचण आली की उपास करायचा, हे माझं नेहमीचंच आहे."

बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं. मी घाईघाईनं करड्या रेघेबद्दल बोलायला लागलो, पानांचे आकडे सांगितले, टाकीचा गोळाही सांगितला. त्यांनी पानं उलटून बघितली. नियमात ही रेघ बसत नाही, असं म्हणाल्या. पण त्यांनी फोन बंद केला नाही. चष्मा काढून त्या अक्काला म्हणाल्या, "वैजयंतीताई, एक विचारू? पोट भरलं हे तुम्हाला कसं कळतं?"

"पातेलं रिकामं झालं की," अक्का म्हणाली.

कुणी हसलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, पातेलं नाही, पोट. अक्का गोंधळली. जेवण संपलं की संपलं, यात आणखी कळायचं काय, असं ती म्हणाली. तेव्हा इनामदार बाई जरा अडखळत सांगायला लागल्या. त्या आत्ताच जेवून बसल्या होत्या. समोर डब्यात आवडीची बटाट्याची भाजी उरली होती. भाजी चांगलीच आहे, पण हात तिकडे जात नाही. आतून कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं वाटतं.

अक्का माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं.

"शिऱ्या, तुलापण कळतं ते?"

"कळतं की."

"उज्ज्वलाला?"

"सगळ्यांनाच कळतं, अक्का."

तिनं पदरानं डब्यावरची हळद पुसली. मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं, लोक पुरे म्हणतात ते रीत म्हणून म्हणतात. म्हणायचं असतं म्हणून. मी म्हणते तसं." आणि तोंडावर हात ठेवून पुढे म्हणाली, "अगं बाई, किती जणांना मी छळलं असेल."

मला उज्ज्वलाचा पुलावरचा भाऊ आठवला. आम्ही सगळे आयुष्यभर तिला खादाड म्हणून चिडवत आलो होतो. ती हसायची आणि आणखी एक पोळी वाढायची. आपल्याला कधीच न मिळालेली गोष्ट दुसऱ्यांकडे असते हेच तिला माहीत नव्हतं. म्हणून तिनं कधी तक्रारही केली नाही. पलीकडे इनामदार बाईंनी चष्मा पुसला, आठ दिवसांत कळवू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सहाव्या दिवशी कळलं. दावा मंजूर. त्याखाली बाईंनी आपल्या अधिकारात चार ओळींचं टिपण जोडलं होतं: भुकेची रेघ हा अर्धाच पुरावा आहे, नामंजूर झालेल्या जुन्या दाव्यांत तृप्तीची रेघही तपासावी, आणि ती नीट दिसावी म्हणून चाचणीचे काही दिवस अर्जदाराला एकच जेवण द्यावं. वर्षभरात कंपनीनं चार हजार जुनी प्रकरणं पुन्हा उघडली. नव्या माहितीपत्रकात त्या चाचणीला काहीतरी भारदस्त नाव आहे. आमच्या घरी तिला एकभुक्त म्हणतात.

पहिली टोचणी घेताना अक्का घाबरली होती. सुईला नव्हे. चव गेली तर पुरण कसं बघू, हा तिचा घोर होता. सहा बायकांचं पोट तिच्या जिभेवर होतं. पहिला आठवडा नुसती मळमळ झाली, दुसरा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिचा फोन आला. मी घाबरूनच उचलला, कारण दुपारी एक ते तीन ती कधी फोन करत नाही.

"शिऱ्या," ती कुजबुजत म्हणाली, आवाज केला तर ते निघून जाईल अशी, "ताटात अर्धी पोळी आहे."

"बरं मग?"

"मला नकोय ती."

मागे लाटण्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली की पोळी फक्कड झालीय, वेलदोडा बरोबर पडलाय, चव कुठं गेली नाही, पण हात जात नाही. इनामदार बाई म्हणाल्या होत्या अगदी तस्संच. एवढं सांगून ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. लाटणी थांबली आणि सहाही बायका काय झालं, काय झालं करत तिच्याभोवती जमल्याचं मला ऐकू आलं. त्या दिवशी केंद्रावर अर्धी पोळी उरली याचा आनंद म्हणून सगळ्यांना आइस्क्रीम मिळालं. अक्कानं दोन चमचे खाल्ले.

आठव्या महिन्यात ती एकोणऐंशीवर आली. भूल देण्याआधी औषध काही आठवडे थांबवावं लागतं, तेवढं थांबवलं, आणि नंतर ती बरी झाल्यावर तांबोळींनी ते पुन्हा सुरू केलं. ऑपरेशन झालं. बहिणीची किडनी माझ्या पोटात बसवल्या बसवल्या कामाला लागली. तांबोळी म्हणाले, इतकी उत्साही किडनी त्यांनी क्वचितच बघितली. मला आश्चर्य वाटलं नाही.

दीड महिन्यानं अक्काकडे जेवायला गेलो. ताटात एक पोळी, वर तूप. ती संपली तेव्हा अक्कानं दुसरी विचारली. सवयीनं मी ताटावर हात आडवा धरला आणि पुरे म्हणालो. ती थांबली. माझ्याकडे बघितलं आणि पोळी निमूटपणे डब्यात ठेवून दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात माझं पुरे कुणी ऐकलं होतं, आणि खरं सांगतो, मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

पण मला फार वेळ वाईट वाटून घेता आलं नाही. नव्या किडनीला पाणी भरपूर लागतं. दिवसाला तीन लिटर, तांबोळींनी अक्कासमोरच बजावलं होतं. ती आत जाऊन माठातलं पाणी घेऊन आली. मोठा तांब्या, काठोकाठ भरलेला. मी पेला भरून प्यायलो. थंड पाणी घशातून खाली उतरताना डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत असा पेला मी प्यायलो नव्हतो. तिनं दुसरा भरला, तोही प्यायलो. तिसराही. चौथ्याला मी पेल्यावर हात ठेवला.

"पुरे, अक्का."

तिनं तांब्या तसाच वर धरून मला नीट न्याहाळलं.

"रीत म्हणून म्हणतोस, की आतून?"

मी विचार केला. अगदी प्रामाणिकपणे, पोटावर हात ठेवून विचार केला.

"आतून," मी म्हणालो.

"मग एकच," ती म्हणाली, आणि माझ्या बोटांच्या फटीतून पाणी ओतलं.